गावचा कारभार आणि पाणी सोडणारा माणूस



चालकांनी आम्हांला विषय कळविला तो दोन शब्दांत : ग्रामपंचायतीचा कारभार. वसंत व्याख्यानमालेत हा विषय थोडा रूक्षच. संतवाङ्मय, नाटक, प्रवासवर्णन असे काही असते तर या चैत्रातल्या उकाड्यात ऐकायला बरे वाटले असते. पण उकाड्याचा आणि आमच्या विषयाचा संबंध जवळचा आहे. आज तुमच्या घरी नळ आला की नाही, आला तर किती मिनिटे आला, हा प्रश्न या दिवसांत प्रत्येक घरात निघतो, आणि ग्रामपंचायतीचा कारभार म्हणजे निम्म्याहून अधिक तेवढाच प्रश्न होय.

आमचा पेशा संघटनेचा. ग्रामपंचायतींतले शिपाई, सफाई कामगार, दिवाबत्तीवाले, पाणी सोडणारे, वसुलीचे कारकून यांच्यात आमची पंचवीसहून अधिक वर्षे गेली. शाळा लवकर सुटली. ग्रामपंचायतीचा कायदा आम्ही शिकलो तो एस. टी.च्या बाकावर, एका फाटक्या प्रतीवरून. ज्या कलमाशी भांडण पडेल ते कलम त्या दिवशी पाठ, असा आमचा अभ्यासक्रम. तेव्हा येथे जे सांगू ते पंडिताचे नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो.

आणखी एक सांगतो. राणीसावरगावच्या ग्रामपंचायतीचा ताळेबंद आम्ही मांडणार नाही. तो मागण्याचा ज्यांना हक्क आहे ती मंडळी समोर बसली आहेत. परक्याने येऊन घरच्या चुलीतली राख उकरू नये, हा नियम आम्ही पाळत आलो. दाखले देऊ ते मराठवाड्यातल्या इतर गावांचे, आणि गावाचे नाव न घेता.

हे रेणुकामातेचे गाव. उत्तरेला गोदाकाठी गंगाखेड, संत जनाबाईंची जन्मभूमी. इकडे बालाघाटाचा चढउतार सुरू होतो. गाव मोठे आहे. बाजारपेठ आहे, शाळा आहेत, आसपासच्या वाड्यातांड्यांची ये-जा आहे. जिल्हा परिषदेचा एक गट या गावाच्या नावाने ओळखला जातो. खेडे म्हणावे तर रूप शहराचे, शहर म्हणावे तर पालिका नाही. १९६५ च्या नगरपालिका कायद्यात दहा ते पंचवीस हजार वस्तीच्या, शेतीकडून व्यापार-उदिमाकडे वळणाऱ्या गावांसाठी नगरपंचायतीची तरतूद पुढे घालण्यात आली. २०१४-१५ च्या सुमारास शासनाने जी तालुक्याची गावे ग्रामपंचायतीखाली राहिली होती त्यांना नगरपंचायती दिल्या. आपल्या शेजारचे पालम त्यांतलेच. जे गाव मोठे आहे पण तालुक्याचे ठिकाण नाही, ते मात्र ग्रामपंचायतीतच राहिले. अशा गावाची अडचण तुम्ही रोज पाहता. कचरा शहराएवढा, गटारे शहरासारखी, पाण्याची मागणी शहरासारखी. आणि ते सर्व निभावणारी माणसे किती? बोटांवर मोजावीत इतकी. नवरात्रात देवीच्या दर्शनाला माणूस लोटला की रस्ता झाडायचा, दिवे लावायचे, पाण्याची टाकी भरायची ती त्याच चार-पाच जणांनी. त्या दिवसांत त्यांच्या घरी घट बसतो की नाही, हे आम्ही एकदा एका कामगाराला विचारले होते. तो म्हणाला, घट बायको बसवते, आम्ही देवळामागची गटार बसवतो.

ही माणसे कोण, त्यांना पगार कोण देतो आणि तो का थकतो, एवढे एक सूत धरून आम्ही आज कारभाराची गोष्ट सांगणार आहोत. सरपंचापासून सुरुवात करण्याची रीत आहे. आम्ही दुसऱ्या टोकाकडून सुरुवात करतो.

थोडे मागे जावे लागेल. आपला हा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामी अमलाखाली. गावात कारभार म्हणजे पाटील आणि पटवारी. हैदराबाद राज्याने १९५६ मध्ये ग्रामपंचायतींचा कायदा केला आणि त्याच वर्षी १ नोव्हेंबरला हैदराबाद राज्यच उरले नाही, मराठवाडा द्विभाषिक मुंबईत आला. मग सबंध राज्याला एकच कायदा असावा म्हणून १९५८ चा मुंबई ग्रामपंचायत अधिनियम झाला. तो १ जून १९५९ पासून लागू झाला आणि आज महाराष्ट्राच्या नावाने तोच चालू आहे. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा व पंचायत समित्या आल्या. २४ एप्रिल १९९३ पासून त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने या सर्वांना घटनेचा आधार मिळाला. इतिहास एवढा पुरे.

पण एक गोष्ट त्या इतिहासातली टाकून चालत नाही. १९३२ साली मुंबईच्या कायदेमंडळात ग्रामपंचायतींचे विधेयक आले असता डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला कडवा विरोध केला. अस्पृश्यांना राखीव जागांची हमी नसेल तर पंचायत म्हणजे बहुसंख्यांच्या हाती दिलेली आणखी एक काठी, हा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ. १९४८ च्या नोव्हेंबरात घटनेचा मसुदा मांडतानाही त्यांनी गावाला राज्याचा पाया मानण्याचे नाकारले. घटना समितीने पुढे चाळिसावे कलम घालून पंचायतींची बाजू राखली, आणि १९९३ नंतर राखीव जागा आल्या. २०११ पासून महाराष्ट्रात निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. बाबासाहेबांची भीती कागदावर दूर झाली. गावात दूर झाली काय, हे पाहावयाचे असेल तर सरपंचाच्या खुर्चीकडे पाहू नका, झाडू कोणाच्या हातात आहे ते पाहा. आम्ही इतक्या ग्रामपंचायती हिंडलो. गटार काढणारा माणूस कोणत्या वस्तीतला, हे विचारण्याची वेळ आमच्यावर क्वचितच आली.

पूर्वी गावगाड्यात बलुतेदार असत. त्यांना रोख पगार नसे. सुगीला खळ्यावर जायचे, पाटी पुढे करायची, धनी देईल ते घ्यायचे. पीक बुडाले की बलुते बुडाले. आम्ही लहानपणी असे समजत होतो की हा प्रकार संपला. संघटनेत आलो तेव्हा कळले की तो नुसता खळ्यावरून ग्रामपंचायतीच्या ओट्यावर आला आहे. आता सुगीच्या जागी मार्चअखेर असते, एवढाच फरक.

ते कसे, ते हिशेबाने दाखवितो. हा हिशेब कोणत्याही एका गावाचा नाही, समजुतीसाठी केलेला आहे. समजा, एक हजार घरांचे गाव. वर्षाची घरपट्टी सरासरी ५०० रुपये, पाणीपट्टी १,००० रुपये. म्हणजे घरामागे दीड हजार, दिवसाला चार रुपयांहून थोडे अधिक. चहाच्या टपरीवर यात अर्धा कप मिळत नाही. गावाची एकूण मागणी झाली १५ लाख. आता वसुली निम्मी झाली असे धरा. हाती आले साडेसात लाख. पाणीपुरवठ्याचे विजेचे बिल महिन्याला २५ हजार, वर्षाचे तीन लाख. मोटार जळते, पाइप फुटतो, टाकीत टाकायची टी.सी.एल. पावडर लागते, दिवे लागतात, दीड लाख. उरले तीन लाख. माणसे पाच. पाच माणसांचे बारा महिने म्हणजे साठ पगार. तीन लाखांना साठाने भागा : पाच हजार रुपये. आता त्याच गावात वसुली नव्वद टक्के झाली असे धरा. खर्च तोच, साडेचार लाख. हाती उरतात नऊ लाख. साठाने भागा : पंधरा हजार.

माणूस तोच, काम तेच, टाकी तीच. घरपट्टी भरणाऱ्यांनी भरली की पगार तिप्पट. कायद्याने पाणीपट्टीचा निधी निराळ्या खात्यात ठेवावा लागतो, मागासवर्गीयांसाठी, महिला-बालकांसाठी, दिव्यांगांसाठी ठरावीक टक्के बाजूला काढावे लागतात. आम्ही ते सारे एकत्र कालवले आहे, हिशेबनीस मंडळींनी रागावू नये. सांगायचे ते एवढ्याने कळते.

कोणी म्हणेल, ग्रामपंचायतीला दिल्लीहून वित्त आयोगाचे लाखो रुपये येतात, त्याचे काय? हा प्रश्न आम्हांला प्रत्येक गावात विचारतात आणि त्याचे उत्तर ऐकून प्रत्येक गावात माणसे चकित होतात. चौदाव्या वित्त आयोगाने २०१५ ते २०२० या काळात ग्रामीण भागाचा सगळा पैसा थेट ग्रामपंचायतींना दिला. पंधराव्या आयोगाच्या काळात आपल्या राज्याने ग्रामपंचायतींना ८० टक्के आणि वरच्या दोन पायऱ्यांना दहा-दहा टक्के अशी वाटणी केली. त्यांतला मोठा हिस्सा पाणी आणि स्वच्छता यांसाठीच बांधलेला, उरलेला गावाच्या गरजेप्रमाणे. पण त्या उरलेल्या मोकळ्या पैशालाही अट घातलेली होती : यातून पगार आणि आस्थापनेचा खर्च करावयाचा नाही. पंप घ्या, पाइप घ्या, कचऱ्याची घंटागाडी घ्या. घंटागाडी चालवणारा मात्र तुमचा तुम्ही पाहा. २०१९ च्या स्वातंत्र्यदिनी जलजीवन मिशन जाहीर झाले. घरोघर नळ, माणशी दिवसाला ५५ लिटर पाणी. चांगली योजना, आम्ही तिला नावे ठेवणार नाही. पण ५५ लिटर पाणी घरापर्यंत आपोआप चालत येत नाही. पहाटे साडेचारला उठून कोणीतरी वॉलवर वाकतो तेव्हा ते येते. त्या वाकण्यासाठी योजनेत खण नाही.

राहता राहिले राज्य सरकार. ग्रामपंचायतीतील नोकरी ही किमान वेतनाच्या अनुसूचीत आलेली आहे. १९४८ च्या कायद्याखाली तिचे दर आपल्या राज्यात २०१३ मध्ये व पुढे २०२० मध्ये सुधारले गेले. तो जुना कायदा २०२५ च्या नोव्हेंबरापासून वेतन संहितेत विलीन झाला आहे. गावाची लोकसंख्या पाहून किती कर्मचारी मान्य करायचे, याचा आकृतिबंध २००० साली ठरला आणि मान्य कर्मचाऱ्यांच्या वेतनाचा काही वाटा शासनाने उचलला. तो वाटा लढून मिळालेला आहे. मोर्चे, उपोषणे, नागपूरच्या अधिवेशनावरच्या थंडीतल्या रात्री, सर्व आम्ही पाहिले. आकृतिबंधाबाहेर राहिलेला माणूस मात्र पूर्णपणे गावाच्या हवाली. आणि मग आला २८ एप्रिल २०२० चा शासननिर्णय. टाळेबंदी सुरू होऊन महिना झालेला. सारा देश दार लावून घरात, आणि आमचा माणूस पाठीवर फवारणीचा पंप घेऊन गल्लीत. त्या दिवसांतल्या या निर्णयाने शासनाचा वाटा ग्रामपंचायतीच्या उत्पन्नाशी आणि वसुलीच्या टक्केवारीशी जोडला. वसुली कमी तर शासनाचा हिस्साही कमी.

म्हणजे पाहा. गावाने कर भरला नाही म्हणून गावाच्या हिश्श्याचा पगार नाही. आणि गावाने कर भरला नाही म्हणूनच शासनाच्या हिश्श्याचाही पगार कमी. एका दोषासाठी दोन शिक्षा, आणि दोन्ही शिक्षा तिसऱ्यालाच. शासनाचे म्हणणे असे की पैसा फुकट मिळाला तर ग्रामपंचायती वसुली करणार नाहीत. त्यात तथ्य नाही असे आम्ही म्हणत नाही. सरपंच निवडून येणारा माणूस; कर मागायला दारात गेला तर मत जाते ही भीती त्याच्या मनात असतेच. २०१७ मध्ये सरपंच थेट लोकांतून निवडण्याची पद्धत आली, २०२० मध्ये ती गेली, २०२२ मध्ये पुन्हा आली. निवड कशीही झाली तरी ही भीती काही गेली नाही. पण वसुली करणे ज्याच्या अधिकारात आहे त्याचे मानधन कापा, ज्याच्या हाती पाना आणि झाडू आहे त्याची भाकरी का कापता? जप्तीचे अधिकारपत्र सफाई कामगाराच्या सहीने निघत नाही.

एका गावात आम्ही हे सारे सरपंचांपुढे बोललो. गृहस्थ सज्जन होते. त्यांनी कपाटातून थकबाकीची यादी काढून आमच्यासमोर टाकली आणि म्हणाले, वाचा. आम्ही वाचू लागलो. पहिल्या पानावरची नावे आम्हांला ओळखीची वाटली : माजी सरपंच, सोसायटीचे चेअरमन, दुकानदार, दोन-तीन पेन्शनर. कुडाच्या घरात राहणाऱ्यांची नावे फार खाली, आणि त्यांच्यापुढची रक्कम शे-दोनशेची. गरीब कर बुडवतो हा समज आमच्याही मनात कुठेतरी होता; त्या यादीने तो काढून टाकला. मोठ्या घराची घरपट्टी मोठी, थकते तीही मोठी. आणि मोठ्याला मागायला जाणार कोण? वसुलीचा कारकून जातो, पण तो त्याच घरी दिवाळीला पोस्त मागायलाही जातो.

याला कायद्यात औषध नाही असे नाही. ज्या सदस्याने मागणीचे बिल हाती पडल्यापासून तीन महिन्यांत कर भरला नाही, तो चौदाव्या कलमाने सदस्य राहण्यास अपात्र ठरतो. म्हणून तर निवडणुकीच्या अर्जाच्या वेळी बेबाकी प्रमाणपत्रासाठी कार्यालयात झुंबड उडते. पाच वर्षे न दिसलेले चेहरे त्या आठवड्यात दिसतात. घरकुल, कर्ज, विजेचा मीटर यांसाठी नमुना नंबर आठचा उतारा लागतो, तेव्हाही लोक भरतात. याचा अर्थ पैसा नसतो असे नव्हे, गरज पटलेली नसते. छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोद्याने, भास्करराव पेरे पाटील कारभार पाहत असताना, एक साधी युक्ती केली : वर्षाचा कर भरणाऱ्याचे दळण ग्रामपंचायतीच्या गिरणीत फुकट. पिठाचा डबा घेऊन बाई गिरणीपर्यंत जाते आणि कराचा मोबदला डोक्यावर घेऊन परत येते. सर्व गावांनी गिरण्याच घालाव्यात असे आमचे म्हणणे नाही. कर दिल्याने काय आले, हे डोळ्यांना दिसले पाहिजे, एवढे त्यातून घ्यावे.

घरपट्टी कशी आकारतात याबद्दलही गैरसमज फार. पूर्वी घराच्या चौरस फुटांवर दर लावीत. तो वाद उच्च न्यायालयात गेला आणि २०१५ मध्ये नियम बदलून भांडवली मूल्यावर आकारणी आली. जमिनीचा दर, बांधकामाचा प्रकार, घराचे वय, वापर राहण्याचा की दुकानाचा, हे पाहून आकडा निघतो. चार वर्षांनी फेरआकारणी व्हावयाची असते. आकारणी चुकली असे वाटले तर हरकत घेण्याची मुदत असते, यादी सूचनाफलकावर लागते. फलकावरची ती यादी वाचणारा माणूस आम्ही आजवर एकच पाहिला, आणि तो शेजाऱ्याचा आकडा पाहायला आला होता.

आता ग्रामसभा. कायद्याने वर्षातून निदान चार ग्रामसभा झाल्या पाहिजेत. रूढ तारखा तुम्हांला ठाऊक आहेत, २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. तिच्या आधी महिलांची सभा. मतदारांपैकी १५ टक्के किंवा शंभर, यांतली जी संख्या कमी ती हजर असली की गणपूर्ती. राणीसावरगावासारख्या गावाला शंभर माणसे म्हणजे काय! एका लग्नाच्या वरातीत याहून जास्त असतात. पण होते असे की झेंडावंदन झाले, मुलांना खाऊ वाटला, आणि माणसे पांगली. पंधरावीस जण उरले. सभा तहकूब. आणि येथेच गोम आहे. गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा तिला गणपूर्ती लागत नाही. त्या दुसऱ्या सभेची दवंडी कोणाला ऐकू येते, कोणाला येत नाही. पंधरा माणसांनी टाकलेला हात सबंध गावाचा हात म्हणून नोंदवहीत उतरतो. ज्यांना कारभार आपल्या मुठीत हवा असतो ते पहिल्या सभेला गर्दी व्हावी म्हणून मुळीच खटपट करीत नाहीत, हे आम्ही अनेक ठिकाणी पाहिले. आणि वाईट बोलायचे तर, ग्रामसभा उधळायला जमलेली शंभर माणसेही आम्ही पाहिली आहेत. पण न जमलेल्या शंभरांपेक्षा ती बरी.

वार्षिक हिशेब, अंदाजपत्रक, लेखापरीक्षणाचा शेरा हे ग्रामसभेपुढे ठेवावे लागतात. ठेवतात म्हणजे काय करतात? ग्रामसेवक (२०२४ पासून त्यांचे पद ग्रामपंचायत अधिकारी या नावाचे झाले) एका दमात आकडे वाचतात आणि मंजूर-मंजूर असा गजर होतो. त्या गजरात एका गावी काय झाले ते सांगतो. तेथे आमच्या पाच कामगारांचा अकरा महिन्यांचा पगार थकला होता. आम्ही नेहमीप्रमाणे निवेदन दिले, मग पंचायत समितीपुढे धरणे धरले. उपयोग झाला नाही. तेव्हा पाणी सोडणाऱ्यांतला एक वयस्क माणूस म्हणाला, साहेब, घोषणा राहू द्या, मला ग्रामसभेत दोन मिनिटे बोलू द्या. ग्रामसभेत कर्मचारीही गावचा मतदारच. त्याला बोलता येते हे त्याला ठाऊक नव्हते, आणि खरे सांगायचे तर आमच्याही लक्षात आले नव्हते. तो उभा राहिला. पगाराबद्दल एक शब्द बोलला नाही. कोणत्या गल्लीला किती वाजता, किती मिनिटे पाणी सोडतो, कोणत्या वॉलची चकती झिजली आहे, कोणाच्या अंगणात मोटार लावून पाणी ओढले जाते म्हणून पुढच्या वस्तीला येत नाही, हे त्याने गल्लीवार सांगितले. नावे घेतली नाहीत. पण माना वळल्या. मग शेवटी म्हणाला, अकरा महिने झाले, माझी मिनिटे कोणी मोजली नाहीत.

सभा गप्प झाली. एक म्हातारी बाई उठली आणि तिने विचारले, याचा पगार किती आणि दिला किती, ते वाचा. वाचावे लागले. त्या दिवशी त्या गावात प्रथमच पगारपत्रक मोठ्याने वाचले गेले. आम्ही त्या यशाचे श्रेय घेत नाही. आमची धरणे फुकट गेली होती. पुढच्या दोन महिन्यांत त्या गल्ल्यांतली बरीच थकबाकी आली, सगळी नाही. मोटारवाल्यांपैकी एकाने मोटार काढली, दुसऱ्याने रात्रीची लावायला सुरुवात केली. माणसे अशीच असतात.

आमच्या बाजूचेही बोलले पाहिजे. एकदा अशाच एका व्याख्यानात आम्ही कामगारांची कैफियत मांडीत असता मागून एका बाईंनी विचारले होते, तुमचा माणूस पुढाऱ्याच्या गल्लीत चाळीस मिनिटे पाणी सोडतो आणि आमच्या वस्तीत दहा, त्याचा पगार आम्ही का द्यावा? आम्ही गडबडलो. काहीतरी उत्तर दिले. ते काय दिले ते आठवत नाही, कारण ते उत्तर नव्हते. परतताना एस. टी.त विचार करीत बसलो. वर्षानुवर्षे संघटनेत आम्ही पगार, फरक, भविष्यनिर्वाह निधीची कपात, जिल्हा परिषदेच्या नोकरीतला दहा टक्के राखीव हिस्सा यांवर ठराव केले. कोणत्या वस्तीला किती मिनिटे पाणी, यावर एकही ठराव केला नव्हता. ज्या माणसाचा पगार पुढाऱ्याच्या मर्जीवर आहे तो पुढाऱ्याच्या गल्लीत वॉल जास्त वेळ उघडा ठेवणारच, हे खरे. पण हे कारण झाले, समर्थन नव्हे. पुढच्याच बैठकीत आम्ही वेळापत्रकाचा विषय काढला. सभासदांत दोन तट पडले. काही म्हणाले, वेळापत्रक फलकावर लावले तर लोक घड्याळ घेऊन आमच्या मागे लागतील. आम्ही म्हटले, लागू द्या. घड्याळ घेऊन मागे लागलेला माणूस निदान पावती फाडायला तरी तयार होईल. ठराव झाला, थोड्या मतांनी झाला. जेथे तो पाळला गेला तेथे भांडणे सुरुवातीला वाढली, आणि पुढे कमी झाली की लोक कंटाळले, हे सांगणे कठीण आहे. पण पाण्याच्या वेळा भिंतीवर लिहिलेल्या राहिल्या.

तुम्ही शहाणे श्रोते आहात. आम्ही करायला सांगू ते फार नाही. येत्या १ मे रोजी ग्रामसभा आहे. त्या दिवशी महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन एकच, हा योग आम्हांला नेहमी गमतीचा वाटत आला, कारण त्या दिवशी ग्रामपंचायतीच्या कामगाराला सुटी नसते. पताका लावणे, सतरंज्या टाकणे, लाऊडस्पीकर जोडणे त्याच्याकडेच. त्या सभेत चार कागद मोठ्याने वाचावयास सांगा : गेल्या वर्षाची मागणी व वसुली, थकबाकीची यादी, मोठ्या रकमेपासून, कर्मचाऱ्यांचे पगारपत्रक, आणि पाणी सोडण्याचे वेळापत्रक. कोणी म्हणाले की वेळ नाही, तर ऐकून घ्या आणि बसून राहा. कोणी म्हणाले की अर्ज द्या, तर अर्ज द्या. माहितीचा अधिकार २००५ पासून आहे. पण अर्जापेक्षा सभेत वाचलेले बरे. अर्जाचे उत्तर एकाच्या घरी जाते.

स्त्रियांनी आदल्या महिला सभेत पाण्याचा विषय लिहून घ्यावा. जेथे सरपंच बाई आहेत तेथे त्यांनाच बोलू द्यावे, त्यांच्या यजमानांना खुर्ची थोडी मागे द्यावी. हे हसण्यावारी नेऊ नका. ज्या सभेत बाईंनी स्वतः आकडे वाचले त्या सभेत पाण्यावरचे प्रश्न अधिक नेमके झाले, असा आमचा अनुभव आहे. हंडा कोण भरते हे त्यांना ठाऊक असते.

वेळ संपत आली असे अध्यक्षमहाराज घड्याळाकडे पाहून सुचवीत आहेत. प्रश्नोत्तरांना पंधरा मिनिटे ठेवली आहेत. त्याआधी एक विनंती. मंडपाच्या मागच्या खांबापाशी टॉवेल खांद्यावर टाकून जे गृहस्थ मघापासून उभे आहेत, ते पहाटे टाकीवर जाणारे आहेत. त्यांना लवकर निजायचे असते. आधी त्यांना काही बोलावयाचे असेल तर बोलू द्यावे. आमचे प्रश्न नंतर घेऊ.